मामाचं कापड

डुक्कर पाठवायला नको होतं. मला तेव्हाही कळत होतं, आणि तरी मी ते पाठवू दिलं. बाजारात कुणीही सांगेल की बोंडोलेले आणि वाईकाराम ही दोन गावं पाण्यावरून कापाकापी करत सुटली. साफ खोटं आहे. पाणी दोन्ही गावांना पुरून उरत होतं.

बोंडोलेले हे माझं सासर, डोंगराच्या माथ्यावर. वाईकाराम माझं माहेर, खाली झऱ्यापाशी. आमच्या सुंबा बेटावर जुन्या काळी शत्रू येऊन मुंडकी कापून नेत, म्हणून सासरच्या पूर्वजांनी गाव उंचावर बांधलं. पुरुषांची मुंडकी शाबूत राहिली आणि बायकांच्या माना मोडल्या, कारण पाणी खालीच राहिलं. वीस वर्षं मी दोन-दोन कॅन घेऊन तो चढ चढले. माझं दुसरं मूल सातव्या महिन्यात त्याच चढावर गेलं. अर्ध्या वाटेत कळा आल्या, पण मी पाणी सांडू दिलं नाही. सासूने त्याबद्दल चारचौघींत माझं कौतुक केलं होतं. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

म्हणून सौर पंप येणार म्हटल्यावर सगळ्यात जास्त मीच नाचले. झऱ्याशेजारी माझ्या भावाच्या, दायरोच्या जमिनीवर चोवीस सोलर प्लेटा उभ्या राहिल्या. झऱ्यात पंप सोडला, डोंगरावरून काळा पाइप वर आणला आणि गावात टाकी बांधली. डिझेल नको, आवाज नाही. ऊन चढलं की पाणी चढायचं आणि ऊन कललं की थांबायचं. माझा मुलगा मालो शहरात पंधरा दिवस राहून त्याचं सगळं शिकून आला. पान्हा कमरेला लावून असा हिंडायचा की सूर्य त्यानेच उगवलाय.

दायरोने जमीन एका शब्दावर दिली होती. "अक्काच्या घरी पाणी जातंय, मी काय मागू?" असं म्हणाला. तो मागणार नव्हता, पण मिळेल हे धरून होता. मागून घेतलं तर त्यात मान कसला?

पंप सुरू व्हायच्या आदल्या दिवशी गाव जमलं. माझा धाकटा दीर लेदे गावचा कारभारी. नवरा गेल्यापासून आमच्या घरातही त्याचंच चालायचं.

"उद्या नळ उघडायला साहेब येतायत," लेदे म्हणाला. "एक डुक्कर कापू, सगळ्यांना वाटे घालू. वाईकारामला मागची मांडी पाठवू."

"भाऊजी, माझ्या माहेराला डुक्कर?" मी विचारलं.

"मग काय, हत्ती पाठवू?"

लोक खो खो हसले. मीही थोडी हसले, हे कबूल करते.

आमच्यात मुलगी देणारे डुक्कर आणि कापड देतात. मुलगी नेणारे घोडा आणि रेडा देतात. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. डुक्कर जावयाला खाऊ घालायचं. मुलगी दिलेल्या घराला डुक्कर पाठवणं म्हणजे त्यांना सांगणं, की तुम्हीच आमचे जावई, तुम्हीच आमच्यापुढे वाका. लेदेलाही हे माहीत होतं. पण साहेब उद्याच येणार होते, त्याचा रेडा दुसऱ्या खोऱ्यात चरायला होता, आणि घोडा-रेडा सुगीनंतर वाजतगाजत देऊ असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मालो उठला. "काका, माझा तांबडा देतो ना मामाला. सकाळी घेऊन जातो."

तांबडा त्याने शिंगरू असल्यापासून वाढवला होता. आई मेलेलं शिंगरू, रात्रंदिवस त्याच्या कुशीत. त्या घोड्याला दोनच माणसं दोरी धरून चालवू शकत, एक मालो आणि दुसरी मी. बाकी कुणी धरली की चारी पाय रोवून उभा राहायचा.

"गप बस," मी त्याला म्हटलं. "तुझा घोडा तुझ्याकडे राहू दे. दायरोला मी नाक पुसायला शिकवलंय. त्याला मी समजावीन."

हे मी बोलले. दुसऱ्या कुणी नाही, मी.

दुसऱ्या दिवशी साहेबाने नळ उघडला, पाणी आलं, बायका रडल्या. मालो मांडी पानात गुंडाळून खाली मामाकडे गेला. तासाभराने परत आला तेव्हा त्याचा ओठ फाटला होता आणि समोरचा एक दात नव्हता.

"काय झालं रे?"

"मामाने तीच मांडी तोंडावर मारली." तो हसायला बघत होता. "म्हणाला, मी तुमच्या घरचा जावई आहे का? मी तुम्हाला बहीण दिली, झरा दिला, आणि तुम्ही मला डुक्कर चारता? मग मांडी कुत्र्यांपुढे टाकली."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, मामा, जोरात लागलं."

मी त्याच दिवशी खाली जायला हवं होतं. पण घरी पाहुणे होते, आणि खरं सांगायचं तर मला दायरोचा राग आला होता. माझ्या पोराचा दात पाडतो म्हणजे काय! चार दिवस तडफडू दे त्याला, असं म्हटलं.

चार दिवस लागलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पाइप कापलेला. मालोने जोडला. तिसऱ्या दिवशी पुन्हा कापलेला. चौथ्या दिवशी लेदे आठ माणसं घेऊन झुडपांत दबा धरून बसला, मालोला न सांगता. भर सकाळी दायरोचा मोठा मुलगा तांगू कोयता घेऊन आला आणि पाइपवर पहिला घाव घातला. आमच्या लोकांनी त्याला खाली पाडलं, लाथांनी तुडवलं, आणि उजवा हात दगडावर धरून त्याच्याच कोयत्याने तीन बोटं तोडली. लेदेने ती बोटं पानात गुंडाळली आणि त्याच्या छातीवर ठेवली. "ही घे मांडी," म्हणाला.

संध्याकाळी लेदे हे अंगणात सांगत होता आणि माणसं हसत होती. मालोने चूल फोडली. खरंच, लाथ मारून चुलीचे तिन्ही दगड उडवले. "तो माझा मामेभाऊ आहे!" ओरडला. "आम्ही एका ताटात जेवलोय!"

"मग जा, त्याला भरव," लेदे म्हणाला. "आता स्वतःच्या हाताने जेवता यायचं नाही त्याला."

दोन दिवसांनी भर दुपारी, माणसं शेतावर असताना, वाईकारामवाले वर आले. वीस-पंचवीस असतील. लेदेच्या घराच्या गवताच्या छपराला चारी बाजूंनी आग लावली. आमच्याकडची छपरं उंच, आग एकदा वर धावली की उतरत नाही. मी टाकीकडे पळाले, नळ फिरवला. हवा आली. टाकीत थेंब नव्हता, पाइप तिसऱ्यांदा कापलेला होता. घराखाली बांधलेली दोन डुकरं जिवंत जळाली. त्यांच्या ओरडण्याने खालच्या शेतातून माणसं पळत आली, पण तोवर शेजारचं घरही गेलं होतं. लेदेची म्हातारी आई, माझी सासू, बाहेर काढली तेव्हा तिच्या हातांची कातडी सोलून आली. मी ती कातडी माझ्या हातात पाहिली.

आता मात्र मी निघाले. पानसुपारीची पिशवी खांद्याला लावून एकटीच खाली उतरले. दायरो ओट्यावर कोयत्याला धार लावत बसला होता. आमच्यात शत्रूलाही आधी सुपारी देतात. त्याने माझ्यापुढे सुपारी ठेवली नाही. मी माझी पिशवी पुढे केली, तर त्याने ती पायाने मागे सारली.

"अक्का, जा."

"माझ्या सासूचे हात जळाले."

"माझ्या पोराची बोटं गेली. तुझ्या सासूला नवी कातडी येईल."

"चूक माझी आहे, दायरो. मालो घोडा देत होता. मी नको म्हटलं."

त्याने धारेवरून अंगठा फिरवला. मग हळू आवाजात म्हणाला, "मग पाठव ना घोडा. मी काय तुझ्याकडे डोंगर मागतोय? उद्या दुपारी माझ्या दारात घोडा येऊ दे. मी स्वतः पाइप जोडतो. बोटं गेली ती गेली."

"उद्या दुपारी," मी म्हटलं. "मालोच आणील."

"घोड्याशिवाय मात्र त्याला माझ्या झऱ्यावर दिसू देऊ नकोस. माझ्या घरातली माणसं आता माझंसुद्धा ऐकत नाहीत. आणि मला माझाच भरवसा नाही."

मी वर येईपर्यंत रडत होते, पण बरं वाटत होतं. मालोला सांगितलं. त्याने तांबड्याला घासूनपुसून लखलखीत केलं, आयाळ विंचरली, नवी दोरी वळली.

सकाळी लेदेने घोडा आपल्या जळक्या अंगणात नेऊन खुंटाला बांधला. तिघांनी मागून ढकलला तेव्हा कुठे तो हलला. भोवती दहा माणसं कोयते घेऊन बसली.

"घर जाळलं त्यांनी आणि तुम्ही त्यांना घोडा देताय?" लेदे म्हणाला. "माझ्या आईचे हात बघा आधी. या गावातून काही खाली जाणार नाही."

मी शिव्या घातल्या, हात जोडले, त्याच्या पायावर डोकं ठेवलं. तो माझ्याकडे बघायलाही तयार नव्हता. या सगळ्यात ऊन चढलं. मालो दिसेना. मला वाटलं, शेतावर गेला असेल राग गिळायला.

तो झऱ्यावर गेला होता.

पुढचं मी माझी सून सोली हिच्याकडून ऐकलं. पाइप तुटल्यापासून बायका पुन्हा कॅन घेऊन उतरत होत्या, आणि सोलीला सहावा महिना होता. मालोला ते बघवत नव्हतं. पान्हा आणि पाइपचे जोड घेऊन तो तिच्याबरोबर खाली गेला. सोली म्हणाली, "आधी मामाकडे जा, घोडा का नाही ते सांग." तो म्हणाला, "आधी पाणी चालू करतो, मग मामाकडे जातो. पाइप जोडलेला दिसला की त्यालाही बरं वाटेल. मामा मला काय करणार आहे?"

पंप जोरात चालू होता आणि पाइपच्या तुटक्या तोंडातून पाणी उसळत होतं. मालो त्यावर वाकला होता. दायरो सकाळपासून दारात घोड्याची वाट बघत होता. कुणीतरी त्याला जाऊन सांगितलं, मालो आलाय, झऱ्यावर आहे, घोडा नाही.

दायरो पळत आला. "घोडा कुठाय?" असं त्याने विचारलं. मालो वळून काही बोलायला गेला, आणि त्याच्या कमरेचा पान्हा हातात होता. पहिला घाव खांद्यावर बसला. मालोने पान्हा टाकून दिला आणि दोन्ही हात वर केले. "मामा, ऐक तरी." दुसरा घाव मानेवर. मग सोलीने मोजले नाहीत. ती म्हणते, मामा मारत होता आणि मोठमोठ्याने रडत होता. शेवटी कोयता पाण्यात पडला तेव्हा तो खाली बसला आणि मालोचं डोकं मांडीवर घेऊन त्याच्या तोंडावर पाणी मारत राहिला, शुद्धीवर यावा म्हणून.

पोलीस आले, जबाब घेतले, दायरोचं घर धुंडाळून गेले. तो डोंगरातल्या गुहांकडे पळाला होता.

मालोला घरी आणून कोपऱ्यात बसवलं, गुडघे पोटाशी घेऊन, आमच्या रीतीने. गावाने कापडं आणली, ढीग लागला. पण अंगाला लागून पहिलं कापड असतं ते मामाचं. मामाचं कापड नसेल तर मारापू, आमचे पूर्वज, त्या जिवाला आत घेत नाहीत. तो वेशीवर बसून राहतो, भिकाऱ्यासारखा.

"दुसऱ्या कुणाचं चालेल," लेदे पुजाऱ्याला म्हणाला. "चुलतमामा आहेत चार."

"सख्खा जिवंत असताना?" म्हातारा पुजारी माझ्याकडे बोट दाखवत म्हणाला. "विनीच्या आईच्या पोटचा एकच भाऊ आहे. तो येईल, नाहीतर पोरगं असंच बसेल."

तीन दिवस गेले. थडग्याचा दगड बाजूला सारून ठेवला होता. घरात वास भरला. सोली त्याच्या पायाशी बसून होती. "आई," ती मला म्हणाली, "ते उघडेच आहेत अजून." त्या क्षणी माझ्या हातात दायरो सापडता तर मी त्याचा गळा दातांनी फोडला असता, आणि फोडायच्या आधी त्याच्याकडून कापड काढून घेतलं असतं. दोन्ही मला सारखंच हवं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी अंगणात मयतासाठी वाजणाऱ्या घंटा थांबल्या. मी बाहेर आले. दायरो वेशीतून आत येत होता. कमरेला कोयता नव्हता. आमच्या आईने विणलेलं निळं कापड त्याच्या खांद्यावर होतं, तिने स्वतःसाठी राखून ठेवलेलं.

दहा कोयते उपसले गेले. मी पुढे झाले. "त्याला आत येऊ द्या," मी म्हटलं. "नाहीतर माझं पोर मीच सडवत बसू का?"

ते सरकले. दायरो आत गेला. त्याने मालोला स्वतः गुंडाळलं, हळूहळू, मानेच्या घावाशी कापड दुहेरी केलं. कुणी त्याला मदत केली नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "इथून मी चौकीत जाणार आहे, अक्का. जगलो तर."

मी त्याला माफ वगैरे केलं नाही, आजही केलेलं नाही. पण मामाने कापड दिलं की भाच्याच्या घराने घोडा द्यायचा असतो. मी अंगणात जाऊन तांबडा सोडला आणि दोरी दायरोच्या हातात दिली. घोड्याने चारी पाय रोवले. दायरोने ओढलं, चुचकारलं. घोडा हलेना. आणि वेशीवर लेदे आणि त्याची माणसं उभी होती, कोयते उघडे.

तोवर मला खरंच माहीत नव्हतं, की भाऊ त्या वेशीबाहेर गेल्यावर मी ओरडणार आहे की कान झाकून घेणार आहे. पण घोडा हलत नव्हता. म्हणून मी दोरी परत घेतली आणि चालायला लागले. घोडा माझ्या मागे, भाऊ घोड्याच्या मागे.

"वहिनी, बाजूला हो," लेदे म्हणाला. "कापड पोचलं. आता तो मामा राहिला नाही."

"घोडा अजून पोचला नाही," मी म्हटलं. "पोचेपर्यंत मामाच आहे. आधी मला काप, मग त्याला."

लेदेच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्याने कोयता उचललाही. मी थांबले नाही, घोड्याचा श्वास माझ्या मानेवर होता. मग त्याने तो कोयता वेशीच्या खांबात इतक्या जोरात मारला की काढता येईना, आणि तिथेच खाली बसून रडायला लागला. बाकीचे त्याच्याकडे बघत राहिले. आम्ही तिघं उतरलो.

झऱ्यावर ऊन तळपत होतं. चार दिवस पंपाच्या पेटीला हात लावायची कुणाची छाती झाली नव्हती. ऊन आलं की पंप चालू होत होता आणि तुटक्या पाइपातून पाणी त्याच दगडावर पडत होतं. दगड धुऊन स्वच्छ झाला होता. मालोचा एक थेंबही राहिला नव्हता. मला त्या पाण्याचाही राग आला. मालोचा पान्हा अजून चिखलात पडला होता.

दायरोने तो उचलला. मग गुडघ्यावर बसून पाइपचं तुटकं तोंड धरलं. "अक्का, हे तेवढं जोडून देतो. मग जातो."

"हात लावू नकोस!" मी किंचाळले.

तो दचकून मागे झाला. मी जवळ गेले, त्याच्या हातातला पान्हा काढून घेतला आणि त्याजागी मालोने वळलेली नवी दोरी ठेवली. एक एक करून त्याची बोटं तिच्यावर मिटली.

"आधी घोडा घे," मी म्हटलं. "मग पाण्याला हात लाव."